कुलूप घराला, पोरगं आत

"म्याडम, कारखाना कधी बंद होतो?"

रोहितनं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी माझी प्रश्नावली काढून बसले होते. तिच्यात सदतीस प्रश्न होते आणि याच्या जवळपास जाणारा एकही नव्हता. डिसेंबरचा पहिला आठवडा, निरीक्षणगृहाच्या, म्हणजे रिमांड होमच्या, ऑफिसमागची खोली, कोपऱ्यात कॅरमबोर्ड भिंतीला टेकवलेला. मला वाटलं, पोराला साखर कारखान्यात कामाला लागायचं असेल. म्हटलं, ऊस किती आहे त्यावर असतं, मार्चात नाहीतर एप्रिलात. त्यानं एकेक बोट दुमडत डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च मोजले आणि मूठ तशीच मांडीवर ठेवली.

"मंग चार महिने हितंच."

बाकीची पोरं "मी कधी सुटणार" असं सरळ विचारतात. रोहितनंही तेच विचारलं होतं. आई-बाप कारखान्याला ऊसतोडीला गेलेले, घराला कुलूप. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ते गावी येणार, मग कुणीतरी इकडं येणार, मग आपण जाणार. मला बाल न्याय कायदा कलमांसकट पाठ होता आणि त्या क्षणी मी मनातल्या मनात त्याला हसले. जामीन तर आठवड्यात होतो की, असं.

आधी एक सांगून टाकते. रोहित हे त्याचं नाव नाही. टिपणात काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाला, "रोहित लिहा. शर्मा लिहू नका, वळखतेल." गाव, तालुका, निरीक्षणगृह कुठलं ते मी सांगणार नाही, आणि दोन-तीन पोरांचे तपशील मुद्दाम एकमेकांत मिसळलेत. कलम ७४ आहेच त्यासाठी. मुलाची ओळख पटेल असं काही छापलं, दाखवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हातात माइक घेऊन फिरणाऱ्या आमच्या तालुक्यातल्या यूट्यूब पत्रकारांना हे कलम कुणीतरी लॅमिनेट करून द्यायला पाहिजे.

मी अंबाजोगाईची. वडील एसटीत कंडक्टर होते. समाजकार्यात एमएसडब्ल्यू केलं, पेट ही प्रवेश परीक्षा दिली, आता संभाजीनगरला विद्यापीठाच्या होस्टेलवर राहून पीएच.डी. करते. प्रबंधाचं नाव भलंमोठं आहे, शेवटी 'एक अभ्यास' असं शेपूट आहे. ते लावल्याशिवाय आमच्याकडं प्रबंध होतच नाही. घरी त्याचं सोपं नाव आहे, 'चोरट्या पोरांची पीएच.डी.' आत्या अजून विचारते, त्यात नोकरी लागते का. फेलोशिपचे पैसे येतात तेव्हा येतात. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, तेव्हापासून माझ्या फील्डवर्कचा निम्मा खर्च महामंडळ उचलतं असं मी समजते.

बसमध्ये शेजारची बाई हमखास विचारते, काय करता? मी सांगितलं की पुढचं वाक्य ठरलेलं. "निबंध लिहिला की सुटतेत ना ते?" पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये तो अपघात झाला, दोन तरुण इंजिनियर जिवानिशी गेले आणि गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला काही तासांत जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. त्या निबंधानं माझ्या विषयाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुणी केलं नसेल. पुढं त्या प्रकरणात बरंच काही झालं, पण लोकांच्या डोक्यात निबंधच राहिला. माझ्या डोक्यात मात्र पेपरात आलेली दुसरी एक गोष्ट राहिली. मुलाच्या आजोबांनी त्याची हमी दिली होती. बाल न्याय मंडळापुढं उभं राहून 'मी बघतो याच्याकडं' असं म्हणणारं माणूस त्याच दिवशी हजर होतं.

रोहितचं प्रकरण तसं अगदीच आमच्या मातीतलं. विहिरीवरच्या मोटारीची केबल. ज्याच्या घरी शेती आहे त्याला समजावून सांगायला नको. रब्बीचं पहिलं पाणी द्यायला सकाळी विहिरीवर जावं तर पेटीपासून मोटारीपर्यंतची केबल कापून नेलेली असते. भरपाई कुणी देत नाही, नवी केबल उसनवारीवर आणायची आणि आठ दिवसांत हरभरा वाळायला लागतो. चोरणाऱ्याला तांब्याचे किलोवर पैसे मिळतात, शेतकऱ्याचं त्याच्या कितीतरी पट जातं. माझ्या मामाची केबल दोनदा गेलीय. त्यामुळं रोहितला पहिल्यांदा भेटायच्या आधी मी काही फार निर्मळ मनानं गेले नव्हते, हे कबूल करते.

गावातल्या एका चोवीस वर्षांच्या माणसानं त्याला सोबत घेतलं होतं. रोहितचं काम बॅटरी धरायचं आणि नंतर रबर सोलायचं. हे सोलायचं कसं ते त्यानं मला पेनाच्या टोपणावर करून दाखवलं. जाळलं तर धूर दिसतो आणि तांबं काळं पडतं, मग भंगारवाला भाव पाडतो. म्हणून उभा चिरा द्यायचा, दातात एक टोक धरायचं आणि ओढायचं. "दातानं?" म्हटलं. त्यानं ओठ वर करून समोरचा दात दाखवला. कोपरा उडालेला होता.

माझी प्रश्नावली त्या दिवशी तिथंच संपली. चौथा प्रश्न होता, 'तुझ्या वर्तनास प्रवृत्त करणारे घटक कोणते वाटतात?' तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला आणि अगदी आदबीनं म्हणाला, "म्याडम, हे मराठीत इचारा ना."

आता थोडं कायद्याचं, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आपल्याकडं चालतो तो २०१५ चा बाल न्याय कायदा, १५ जानेवारी २०१६ पासून लागू. त्याआधी २००० चा होता, त्याआधी १९८६ चा. त्याही आधी मुंबई राज्याचा १९४८ चा बालकायदा. तो मात्र तेव्हा आमचा नव्हता, आम्ही त्या सप्टेंबरात अजून निजामातून सुटत होतो. आताच्या कायद्यानं अठराच्या आतल्या पोराला आरोपी, गुन्हेगार म्हणायचं नाही. 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणायचं. हा शब्द उच्चारताना निरीक्षणगृहाच्या मावशी सुद्धा अडखळतात, त्यांनी त्याचं 'संघर्षवाली पोरं' केलंय. मला तो जास्त आवडतो. गावात अजून 'रिमांड होम'च आहे.

पकडल्यापासून चोवीस तासांत पोराला बाल न्याय मंडळापुढं न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही, बेड्या घालायच्या नाहीत, पोलिसानं वर्दीत यायचं नाही. हे शेवटचं आमच्याकडं बऱ्यापैकी पाळलं जातं, फक्त साध्या शर्टाखाली पायात बूट खात्याचेच असतात आणि पोरं चेहऱ्याआधी बुटांकडं बघतात. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली एक तरी बाई. उंच व्यासपीठ नाही, पिंजरा नाही. मी पाहिलेल्या खोलीत एक लांब टेबल आहे आणि पोरासाठी प्लास्टिकची खुर्ची. रोहित त्या खुर्चीच्या टोकावर बसला होता, मागं टेकायला कुणी सांगितलंच नाही.

गुन्ह्यांचे तीन वर्ग. तीन वर्षांपर्यंत शिक्षा असेल तो किरकोळ. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे केबल किरकोळ. किरकोळ गुन्ह्यात नियम खरं तर असं म्हणतात, की पोराला ताब्यातसुद्धा घेऊ नका. त्याच्या हिताचं असेल तरच घ्या. एरवी माहिती मंडळाकडं पाठवा आणि कधी हजर व्हायचं ते पालकांना कळवा.

पालकांना कळवा. आता कुठं कळवणार? दसरा झाला की आमच्या बीडकडच्या डोंगरपट्ट्यातून ट्रक भरून माणसं जातात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर, आष्टी. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडायला सहा महिने उसाच्या फडात. वाड्यांवर उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, कुठं चालते, कुठं कागदावर चालते. नववीतलं पोरगं आजीपाशी राहतं आणि संध्याकाळी पारावर बसतं, तिथं त्याला चोवीस वर्षांचा कुणीतरी विचारतो, बॅटरी धरतो का, दोनशे देतो.

जामिनाचं कलम १२ मला तोंडपाठ आहे, कारण ते फार चांगलं लिहिलंय. गुन्हा जामीनपात्र असो नसो, मुलाला सोडायचं. जामीनदारासह किंवा त्याच्याशिवाय, परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरच्या, देखरेखीखाली, किंवा एखाद्या योग्य व्यक्तीच्या हवाली. न सोडण्याची कारणं तीनच. सुटला तर नामचीन गुन्हेगाराच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला धोका आहे, किंवा सोडल्यानं न्यायाचा हेतूच विफल होईल. आणि त्याच कलमात खाली एक ओळ आहे जी कुणी वाचत नाही. जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या झाल्या नाहीत, तर मुलाला परत मंडळापुढं आणायचं आणि अटी बदलायच्या. ही ओळ लिहिणाऱ्यानं फड पाहिला असेल असं मला उगाच वाटतं.

रोहितचा जामीन चौथ्या दिवशी झाला होता. अट: पालकांनी येऊन हमीपत्र द्यावं. मी त्याला भेटले तेव्हा चौदावा दिवस चालू होता.

घरभेटीला परिविक्षा अधिकारी सर निघाले तेव्हा मी मागं लागून त्यांच्यासोबत गेले. सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. सरांकडं असे अहवाल ढिगानं, स्वतःची मोटारसायकल, पेट्रोल स्वतःचं आणि बिल कधी निघेल ते साहेबांना ठाऊक. मी एसटीनं धारूरपर्यंत, पुढं त्यांच्या मागं बसून. घाट उतरल्यावर डांबर संपलं. सीताफळीची झाडं पानं झडून नुसत्या काड्या झालेली. वाडीवर एकामागं एक घरांना कुलपं. गाव मेलेलं नव्हतं, एका घरापुढं रेडिओ चालू होता, शेळ्या होत्या, पण पंचवीस ते पन्नास वयाचं माणूस म्हणून दिसेना.

रोहितच्या घरालाही कुलूप होतं. आजी शेजारच्या पत्र्याच्या पडवीत राहते, कुलपाची किल्ली तिच्या पदराच्या गाठीत. "त्येंचं सामान हाय आत. मला काय कराय लागतंय एवढं घर?" सरांनी बाजेवर बसून फॉर्म काढला. तो फॉर्म एकदा बघण्यासारखा आहे. कुटुंबाचं उत्पन्न, कुटुंबात कुणावर गुन्हा, धर्माकडं पाहण्याची दृष्टी, घरातली नीतीची चाल, मुलाच्या सवयी. सवयींत एकीकडं दारू, तंबाखू, जुगार आणि दुसरीकडं टीव्ही बघणे, पुस्तकं वाचणे, चित्रकला.

"आजी, घरात धर्माचं काय करता?"

"आता काय करावं? एकादशीला वरीचा भात खाते."

"नातू कसा आहे? सवयी काय?"

"लई खातंय."

सरांनी रकान्यात काय लिहिलं ते मी डोकावून पाहिलं. 'आहार: उत्तम.' आम्ही दोघंही हसलो नाही, पण परत येताना घाटात सरांना हसू फुटलं आणि गाडी बाजूला घ्यावी लागली.

जन्मतारखेवर मात्र बराच वेळ गेला. शाळेच्या रजिस्टरात १ जून. मराठवाड्यात वाढलेल्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. पोराला शाळेत घालायला नेलं, तारीख सांगता आली नाही की मास्तर १ जून टाकत. माझे वडील १ जूनचे, त्यांच्या डेपोतले कितीतरी जण १ जूनचे. दरवर्षी ३१ मेला सरकारी ऑफिसांत निरोपसमारंभांची रांग लागते ती त्यामुळंच. पण वय ठरवताना कलम ९४ शाळेचा दाखला सगळ्यात आधी धरतं. तो नसेल तर ग्रामपंचायत-पालिकेचा जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची तपासणी. म्हणजे पहिलीच्या मास्तरानं शाई वाळायच्या आत टाकलेली तारीख पुढं दहा वर्षांनी ठरवते की पोरगं मंडळापुढं जाईल की सेशन कोर्टापुढं. आजीला विचारलं, जन्म कधीचा? "फडात झालं. थंडी लई व्हती. कोपीत चूल पेटवून ठिवली व्हती रातभर." म्हणजे जानेवारीचा असावा. रजिस्टरातल्या जूनच्या पाच महिने आधीचा की सात महिने नंतरचा, ते कुणी सांगू शकत नाही. रोहितच्या बाबतीत फरक पडत नव्हता, चोरीत सोळाचा प्रश्नच येत नाही. पण जिथं गुन्हा किमान सात वर्षं शिक्षेचा असतो, तिथं सोळा ते अठरातल्या मुलाची प्राथमिक पडताळणी करून त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का ते ठरतं. अशी एक केस मी बघतेय. तिच्यात पण १ जूनच आहे. तिच्याबद्दल आज नाही.

बापाला फोन लावायचा तर वाडीवर रेंज नाही. आजी, सर, मी, मागं दोन शेळ्या असे माळावर चढलो. तिसऱ्यांदा लागला. मागून ट्रॅक्टरचा आवाज. बापानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा विचारलं, "मारलं का त्याला?" नाही म्हटलं. "जेवू घालत्यात?" हो म्हटलं. मग सर म्हणाले, तुम्ही एक दिवस येऊन सही करून जा. तिकडं बराच वेळ नुसता ट्रॅक्टर. "सायेब, मी आलो तर कोयता मोडतो. जाया-यायाचे तीन दिस, तीन दिसाचं खाडं. मुकादम सोडीत न्हाई. सोडलं तर टोळी भरून काढायची म्हणून वरून पैसे." मग फोन आईच्या हातात गेला. ती काही बोलेच ना. मला वाटलं कट झाला.

"त्येच्या अंगावर स्वेटर हाय का?"

आजीनं तिथून खाली येऊन पदराची गाठ सोडली, कुलूप काढलं, आत पत्र्याची पेटी उघडली आणि निळा स्वेटर मला दिला. पुन्हा कुलूप लावून दोनदा ओढून बघितलं. तो स्वेटर मी दुसऱ्या दिवशी निरीक्षणगृहात नेऊन दिला. रोहितला तो बाह्यांत कोपरापर्यंतच आला. आईनं शेवटचा बघितला त्यापेक्षा पोरगं वाढलं होतं. म्हणाला, "बारका हाय. ऱ्हाऊ द्या." आणि तसाच घालून कॅरम खेळायला गेला.

आता माझ्या चुकीचं सांगते, किंवा चूक होती का ते मला अजून कळलेलं नाही. संशोधकानं हस्तक्षेप करायचा नसतो. पहिल्या सत्रात हेच शिकवतात. मार्गदर्शकांचं वाक्य ठरलेलं, "तू निरीक्षक आहेस, नातेवाईक नाहीस." पण बाजेवर बसून मला ते सात दिवसांचं पोटकलम आठवत होतं. आजी समोर होती. अंगानं धड, डोळ्यांनी स्वच्छ, अख्खं घर सांभाळणारी. पालक म्हणजे आई-बापच असं कायद्यानं कुठं म्हटलंय? परतीच्या वाटेवर गाडी थांबलेली असतानाच मी सरांना म्हटलं, आजीला योग्य व्यक्ती म्हणून का पुढं करत नाही? अटी बदलून मागा. सर म्हणाले, "ती सत्तरीची आहे, अंगठा करते. मंडळ विचारेल, ही काय लक्ष ठेवणार?" मी म्हटलं, सहा महिने तीच ठेवते ना. सरांनी गाडीला किक मारली. पण अहवालात त्यांनी ते लिहिलं, आणि चांगलं लिहिलं. हे मी माझ्या प्रबंधात कुठं टाकायचं? 'संशोधन पद्धती' या प्रकरणात त्याला जागा नाही. सध्या ते माझ्या डायरीत आहे आणि आता इथं.

तेवढ्यानं सुटला नाही. पहिल्या तारखेला आजी पहाटेच्या गाडीनं आली, तर बैठकच नव्हती. कुणी रजेवर होतं. ती बाहेरच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत बसली, कारण "बैठक नाही" म्हणजे आज अजिबात नाही हे तिला कुणी समजावलं नाही. मलाही कळलं ते दोन दिवसांनी. त्या दिवशी नातू पन्नास पावलांवर आत होता, तिची-त्याची भेटही झाली नाही. दुसऱ्या तारखेला मंडळातल्या बाईंनी आजीला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "आजी, ऐकतो का तो तुमचं?" आजी म्हणाली, "माय, त्याच्या बापाला मीच वाढवलं. त्यो बी तवा ऐकत नव्हता." अंगठा झाला. दर पंधरवड्याला सरांना भेटायचं, या अटीवर रोहित सुटला. एकूण ४७ दिवस.

एप्रिलात चौकशी संपली. आदेश झाला: समज देऊन घरी पाठवावे. कलम १८ मध्ये मंडळ जे आदेश देऊ शकतं त्यातला हा सगळ्यात पहिला आणि सगळ्यात हलका. समुपदेशन, सामाजिक सेवा, दंड, परिविक्षा असं करत करत शेवटी तीन वर्षांपर्यंत विशेष गृह. रोहितला पहिला मिळाला, आणि तो योग्यच होता. फक्त घरी पाठवायचा आदेश येईपर्यंत पोरानं ४७ दिवस घराबाहेर काढले होते. त्याच प्रकरणातला चोवीस वर्षांचा माणूस रोहितच्या आधी बाहेर आला होता. त्याच्या घरी जामीन राहायला सातबारा होता.

पुनर्वसन या शब्दाशी मी चार वर्षं झोपते-उठते. निरीक्षणगृहात त्याचा अर्थ सकाळची प्रार्थना, योगा, एखाद्या संस्थेचं व्याख्यान, शिकवायला माणूस असेल तर शिवणकाम, मेणबत्त्या. मी हिणवत नाही, तिथल्या माणसांनी स्वतःच्या खिशातून पोरांना चपला घेतलेल्या मी पाहिल्यात. पण रोहितला मी विचारलं, तुला काय शिकायचंय, तर त्यानं एका दमात सांगितलं. मोटार वायंडिंग. जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, वेढे मोजायचे, नवी भरायची, वार्निश मारायचं. त्यांच्या बाजाराच्या गावात एक मेस्त्री आहे. "त्यो कुठं बी गेला तर लोकं आधी चहा देतेत." तांबं चोरून विकलेलं पोरगं तांब्याचंच काम शिकायचं म्हणत होतं आणि त्यात त्याला काही विचित्र वाटत नव्हतं. खरं तर मलाही वाटायला नको होतं.

मे महिन्यात तो त्या मेस्त्रीकडं लागला. सरांनी शब्द टाकला होता. दुकानात बसून वेढे मोजायला बरा होता म्हणे. कलम २४ म्हणतं, या प्रकरणामुळं मुलाला पुढं आयुष्यात कसलीही अपात्रता येणार नाही. शाळेत नाही, नोकरीत नाही. गावानं त्याचं नाव 'केबल' ठेवलं. "ए केबल, इकडं ये." मोटार काढायला विहिरीवर जायची वेळ आली की शेतकरी मेस्त्रीला सांगत, त्या पोराला आणू नको. माझा मामा असता तर तोही हेच म्हणाला असता. त्याची दोनदा गेलीय. मेस्त्रीनं जुलैपर्यंत धकवलं. मग म्हणाला, वायंडिंग दुकानात निम्मं आणि विहिरीवर निम्मं असतं, अर्धा गडी ठेवून मी काय करू?

पोळ्यानंतर मुकादम वाडीवर आला. यंदा उचल घेताना बापानं सांगितलं, दीड कोयता धरा. पोरगं बरोबर येतंय. त्याचा हिशेब साधा होता. मागं ठेवलं तर पुन्हा कुणीतरी बॅटरी धरायला नेईल. मी त्यावर काय बोलणार होते? सरांच्या रजिस्टरात पाठपुराव्याचा रकाना असतो. तिथं त्यांनी लिहिलंय, 'बालक सध्या पालकांसोबत वास्तव्यास आहे.' असं पोरगं आमच्या तक्त्यात पुनर्वसित धरतात. माझ्याही तक्त्यात तो तिथंच आहे, कारण दुसरा रकाना नाही.

गेल्या आठवड्यात वाडीवर जाऊन आले. कुलूप होतंच. आजीनं गुळाचा कोरा चहा दिला, मूठभर बोरं माझ्या ओढणीत टाकली आणि विचारलं, "तुझं पुस्तक झालं का गं?" म्हटलं, नाही अजून. माळावर चढून फोन लावला. रोहितनंच उचलला, आवाज फुटलेला, आधी ओळखलाच नाही.

"म्याडम, आता कुठं भेटता? कारखाना चालू झालाय. एप्रिलमदी या."

बरा आहेस का, हात कापला नाही ना, जेवतोस का, असलंच काहीतरी मी विचारत राहिले. तो हं, हं म्हणत होता. मग मधेच म्हणाला, "हितं मालकाची मोटार हाय हिरीवर, आवाज बदललाय तिचा. बेरिंग गेलीय. आठ दिसात जळंल. मालकाला म्हणलं तर म्हणतो, तू ऊस तोड." मागून कुणीतरी ओरडलं, ट्रॉली आली म्हणून, आणि फोन कट झाला.